एका वायरीतल्या चार खिडक्या

ही गोष्ट चार खिडक्यांत चालते. एका वेळी एकच दिसते. बाकीच्या तेव्हा थांबलेल्या नसतात. वरच्या ओळीत जिला चांदणी, ती खिडकी आत्ता उघडी.

१\* पंपघर  २ नागापूर  ३ —  ४ टेल

छगनतात्यांनी कांद्याचं क्रेट उपडं ठेवलं होतं, क्रेटवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमधून निघालेली निळी वायर भिंतीवरच्या डब्यात गेली होती. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, पडदा जोडायला जागाही नाही. त्याच्याशी बोलायचं ते ह्या एका वायरीतून, अक्षरामागे अक्षर लावून.

मिरजगावच्या पुढे हायवे सोडून आत आलं की ही पाणीवापर संस्था. कालव्याचं पाणी चारीनं हौदात येतं आणि हौदातून पाइपानं वस्त्यांवर जातं. पाइपावर मोटरचे व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येकाला हातानं फिरवायचं चाकही आहे. गावात त्यांना अजून दारंच म्हणतात. कुठलं दार कधी उघडायचं हे डबा ठरवतो, म्हणजे तात्यांच्या पुतणीनं, पूजानं, त्याला शिकवलंय तसं: आधी टेलची, म्हणजे पाइपाच्या शेवटच्या टोकाची वस्ती, मग तिच्या अलीकडची, आणि सगळ्यात शेवटी हेड, हौदाजवळची. कागदावर हा नियम आधीपासूनच होता. पण हेडचं चाक हौदापासून हाकेच्या अंतरावर आणि टेलचं ओढ्यापलीकडे. हातानं दारं उघडायची तेव्हा जवळचं चाक आधी फिरायचं, आणि टेलला पाणी पोचायच्या आत आवर्तन, म्हणजे कालवा सुटण्याची पाळी, संपायचं.

मागच्या आठवड्यात डब्यातली डिस्क मेली. नवी बसवली, पण नवी डिस्क कोरी. लिनक्स पहिल्यापासून घालायचं होतं. आणि आज सकाळी चारीला पाणी सुटलं होतं.

"काय म्हनतोय डबा?" उंबऱ्यावरून सत्यशीलाताईंनी विचारलं. त्या संस्थेच्या अध्यक्ष. पंपघरात मोबाइलला रेंज नाही, उंबऱ्यावर आहे. म्हणून तात्या आत, आणि नागापूरहून आलेला पूजाचा फोन ताईंच्या कानाला.

"निळं झालंय. इंग्रजीत काहीबाही इचारतंय."

"निळं झालंय म्हनत्यात गं," ताईंनी फोनमध्ये सांगितलं, मग आत वळून, "ती म्हनती, खालती पट्टी दिसती का?"

"दिसती. एक, दोन, तीन, चार. एकाम्होरं चांदनी हाय."

"चांदनी हाय म्हनं. बरं. तात्या, ती म्हनती, आता एंटर मारा. आन् मी म्हनते, पानी हौदात येस्तवर तुमच्या डब्यानं टेलचं दार उघडलं न्हाई, तर ठरावापरमानं हातानं. हेडपासनं."

"ठराव ठाव हाय मला. मी बी हात वर केल्ता."

"मग बसलायसा काय? हाना एंटर."

तात्यांनी एंटर मारला. ते संस्थेचे पाटकरी. पाणी वाटण्यात केस पांढरे झालेले. डबा आल्यापासून त्यांचं काम चाकं फिरवण्याचं न राहता डब्याकडे लक्ष ठेवण्याचं झालं होतं, आणि ते काम त्यांना कधी पुरतं कळलं नव्हतं, कारण डब्यात बघण्यासारखं काही

१ पंपघर  २\* नागापूर  ३ —  ४ टेल

पूजाचा उजवा पाय प्लॅस्टरमध्ये. स्कूटी घसरली, घोट्याला चीर गेली. नागापूर एमआयडीसीतल्या एका पॅनेलच्या वर्कशॉपमध्ये ती काम करते आणि तिथून दोन गल्ल्या अलीकडे भाड्याच्या खोलीत राहते. कॉटवर तिच्यासमोर पाट, पाटावर तिचा लॅपटॉप, आणि शेजारी तसाच दुसरा डबा, गावातल्या डब्याचा जुळा. वर्कशॉपमधून मागून आणलेला. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह तिने सकाळच्या दुधाच्या टेम्पोबरोबर गावाला पाठवला होता आणि त्याचीच नक्कल जुळ्याला लावली होती. छगनतात्या तिचे चुलते. ते तिकडे जे बघणार, ते ती इथे एक पाऊल पुढे बघणार होती.

हे सगळं मागच्या अनुभवामुळे. पहिल्यांदा डबा बसवला तेव्हाही असाच फोनवरून बसवला होता. तेव्हाच्या इन्स्टॉलरला वायरीतून एकच पडदा दाखवता येत होता. घरच्या कॉम्प्युटरवर आल्ट धरून आकडा दाबला की मागचे पडदे दिसतात. वायरीवर ती सोय नव्हती. भरत जाणारी रेघ अर्ध्यावर थांबली. आत काम चालू होतं, पण ते दिसायला जागा नव्हती. तात्यांनी बराच वेळ वाट बघितली आणि डबा अडकला असं धरून मेन स्विच पाडला. शेवटी पूजाला एसटीनं गावाला जावं लागलं.

आता नवा इन्स्टॉलर होता. आपण वायरीवर आहोत हे त्याला कळतं, आणि मग तो स्वतःभोवती आणखी एक प्रोग्रॅम गुंडाळून घेतो. त्या एकाच वायरीत चार खिडक्या तयार होतात. पहिलीत इन्स्टॉलर. दुसरी आणि तिसरी रिकाम्या, लागलंच तर हातानं हुकूम द्यायला. चौथीत आत काय चाललंय त्याच्या ओळी पळत राहतात. कंट्रोल आणि ए एकदम दाबायचं, सोडायचं, मग हव्या त्या खिडकीचा आकडा.

सकाळी तात्या रेंजमध्ये होते तेव्हा तिने हे सगळं समजावलं होतं.

"रेघ थांबली की घाबरायचं नाही, तात्या. चारवर जायचं. तिथं ओळी पळत असल्या, तर काम चालू आहे."

"आन् एखांदी खिडकी गच्च बसली तर?"

"कंट्रोल-ए, मग के. ती विचारते, खरंच बंद करू? वाय दाबायचं. पण ते मी सांगितल्यावरच."

एका खिडकीतून दुसरीत कसं जायचं हे तिने सांगितलं. मागे राहिलेल्या खिडकीचं काय होतं, हे सांगितलं नाही. ते सांगायला हवं असं तिला वाटलंच नाही.

संस्थेच्या सभेत डब्यासाठी उभी राहून बोलली होती ती पूजाच. आधी टेल, दर वेळी, माझा शब्द, असं म्हणाली होती. त्या शब्दावर टेलच्या वस्तीतल्या मोहियोद्दीनभाईंनी आपल्या रानात लिंबाची रोपं लावली. आज डबा वेळेत उठला नाही तर पाणी हेडला जाणार, आणि ह्या आवर्तनात टेलला काही उरणार नाही. पुढचं आवर्तन होईल तेव्हा होईल. रोपं तेवढी थांबत नाहीत.

"पूजा, आगं त्ये टक्के दाखवाया लागलं म्हनत्यात तात्या," फोनमधून सत्यशीलाताई.

"चालू द्या काकी. पाणी कुठवर आलं?"

"वरल्या पुलाखाली आलं म्हनं. बजरंग म्हनतोय."

बजरंग म्हणजे ताईंचा धाकटा दीर. तो कुठे उभा आहे ते पूजानं विचारलं नाही. तिला माहीत होतं. हेडच्या

१ पंपघर  २ नागापूर  ३ —  ४\* टेल

टेलला काही घडत नव्हतं.

मोहियोद्दीनभाई व्हॉल्व्हच्या चेंबरजवळ बसले होते. मागे लिंबाची रोपं, प्रत्येकाला गोल आळं करून ठेवलेलं, आळ्यात उसाचं पाचट. ते मधूनमधून वाकून पाइपाला कान लावत. पाइप ऊन होता आणि आत काही नव्हतं.

१\* पंपघर  २ नागापूर  ३ —  ४ टेल

रेघ निम्म्याच्या पुढे गेली आणि थांबली.

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग डब्याकडे. डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता, पण तो मेलेल्या डिस्कच्या वेळीही लागलेलाच होता.

"थांबलंय," ते म्हणाले.

"थांबलंय म्हनत्यात," ताईंनी फोनमध्ये सांगितलं आणि ऐकलं. "ती म्हनती, स्विचला हात लावू नका. चारवर जाऊन बघा."

"स्विचला कोन लावतंय? एकदा चुकलो म्हंजे जलमभर चुकनार का मी?"

"मी न्हाई म्हनत, ती म्हनती."

"तुमी बी म्हनताच की."

"मी मनात म्हनते."

तात्यांनी कंट्रोल आणि ए दाबलं, सोडलं, चार दाबला. निळा पडदा गेला. काळ्यावर पांढऱ्या ओळी, एकीखाली एक, वाचता येणार नाहीत इतक्या भराभर.

"पळतंय!" तात्या ओरडले. "लई पळतंय!"

हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. रेघ थांबलेली आणि आत हे असं चाललेलं. दाराला लावलेला चिखल फोडला की पाणी वाफ्यात घुसतं, तशा ओळी येत होत्या. आणि पाणी घुसलं की पुढचं काम हातांना ठाऊक होतं.

दारं धरणं म्हणजे हेच. दंडात, म्हणजे शेतातल्या पाटात, पाणी एक, वाफे पुष्कळ. एक वाफा भरत आला की फावड्यानं पुढच्याचं दार फोडायचं आणि तोच चिखल ओढून मागच्याचं दार बुजवायचं. दोन्ही उघडी राहिली तर धार फाटते. पाणी मागच्यालाही पुरत नाही आणि पुढच्यालाही, मधेच जिरून मरतं. दारं धरताना पोरं पहिल्या दिवशी ही चूक करतात आणि शिव्या खातात. तात्यांनी ती चूक केली त्याला पन्नासेक वर्षं झाली असतील.

पाणी चारला आलं होतं. एक अजून उघडंच होतं.

तात्या परत एकवर आले. रेघ जिथे होती तिथेच. म्हणजे इथलं पाणी तुटलेलं होतं, आता दार बुजवून टाकायचं. त्यांनी कंट्रोल-ए दाबलं, मग के. तळाशी प्रश्न आला. वाय. आणि खिडकी

२\* नागापूर  ३ —  ४ टेल

"तात्या म्हनत्यात, चार पळतंय, आन् एक बुजवली."

पूजानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय बुजवली?"

"एक बुजवली म्हनत्यात."

"काकी, त्यांना विचारा, खालच्या पट्टीत कुठले आकडे आहेत?"

मागे तात्यांचा आवाज, मग ताईंचा. "दोन, तीन, चार."

पूजाच्या लॅपटॉपवर जुळ्याची रेघ नव्वदच्या पुढे गेली होती. तिने तिच्याकडे बघितलं नाही.

"का बुजवली, विचारा."

"का बुजवली म्हनं तात्या?" आणि तात्यांचं लांबचं उत्तर पूजाला ताईंच्या आधीच ऐकू आलं, कारण ते ओरडून बोलत होते. "चारला पानी ग्येलं की एक बुजवाया नको? दोन्ही उघडी ठिवली तर पानी मरतं!"

पूजानं डोळे मिटले. शेतात तिनेही दारं धरली होती, शाळेत असताना. तात्यांनीच शिकवलं होतं. हेच वाक्य होतं.

"काकी, तात्यांना सांगा, इथं पाणी मरत नाही. चारी खिडक्या एकदम वाहतात. आपण बघतो एकीत, पण वाहतात चारी. आपण बघत नसलो तरी."

"आगं बये, मंग आदी सांगायचं की."

"चुकलं माझं."

"आता चार बी थांबलं म्हनत्यात. वळी येईनात."

येणार नाहीतच. चौथ्या खिडकीत पळत होतं ते पहिल्या खिडकीतलंच काम.

पण वायर जिवंत होती. डबा बंद पडला नव्हता. दोन, तीन, चार उघड्या होत्या. मागच्या वेळी हे झालं असतं तर कोरा पडदा उरला असता. पूजानं जुळ्याकडे वळून स्वतःची रेघ सत्त्याण्णववर असताना कंट्रोल-ए, के, वाय केलं. जुळ्याची पहिली खिडकी गेली. मग ती दुसरीत गेली आणि तिथे इन्स्टॉलरचं नाव टाइप करून तो पुन्हा बोलावला.

थोडा वेळ काही नाही. ताईंनी दोनदा "हॅलो" म्हटलं.

मग दुसऱ्या खिडकीत निळा पडदा आला. यादी आली. भाषा, डिस्क, पासवर्ड, आधी दिलेली उत्तरं त्याच्या लक्षात होती. मूळ सिस्टिम घालायची पायरी मात्र परत करायची होती. आधीचं अर्धवट पडलंय, तरी पुढे जाऊ का, असं त्याने विचारलं. पूजानं हो म्हटलं. रेघ शून्यापासून सुरू झाली.

"काकी, आता मी सांगते तसं. तात्यांना दोनवर पाठवा. काही बंद करायचं नाही. पुन्हा सांगा, काहीच बंद करायचं नाही."

"तात्या, दोनवर जावा. आन् फावडं खाली ठिवा म्हनती."

"असं नाही म्हटलं मी."

"मी म्हनलं."

२ नागापूर  ३\* उंबरा  ४ टेल

उंबऱ्यावर सत्यशीलाताई. त्यांचा एक कान आत, एक फोनमध्ये, आणि डोळे बाहेर.

बाहेर हौद. हौदाला येऊन मिळणारी कोरडी चारी. हौदाच्या अलीकडे हेडचं चाक आणि चाकापाशी बजरंग. त्याच्या मागे ताईंच्या घरचाच मका, जनावरांसाठी केलेला. पानं सुरळीसारखी वळली होती. उंबऱ्यावरूनही दिसत होतं.

आत तात्या दोन नंबरच्या खिडकीत रेघ पुढे सरकताना बघत होते. ह्या वेळी ते मधेच चारवर जात, परत दोनवर येत, आणि मोठ्यानं सांगत. "दोन चालू. चार चालू. दोन्ही चालू. आसं कसं गं ह्ये?"

"तुमी नुसतं बघा. इचार करू नका," ताई म्हणाल्या.

चारीतून आधी आवाज आला, मग पाणी. पुढे फेस, फेसात काटक्या, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल. गावचं एक कुत्रं त्या तोंडाबरोबर काठानं चालत आलं. पाण्याला घाई नसते. पण ते थांबतही नाही.

"वयनी!" बजरंगनं चाकावर दोन्ही हात ठेवले. "आलं! फिरवू का?"

"हौदात पडूं दे आदी."

"पडतंच हाय!"

ताईंनी फोनमध्ये सांगितलं, "पूजा, पानी हौदाच्या तोंडाला हाय. तुझी रेघ किती?"

आतून तात्या, "साठ!"

"साठ म्हनत्यात."

फोनमध्ये पूजा म्हणाली, "काकी, तात्यांना तीनवर पाठवा."

"आता तीन कशाला? दोन नीट चाललंय की."

"दोन चालूच राहील. तीन रिकामी आहे. डबा पुरता उठला नसला तरी त्याची वायर व्हॉल्व्हच्या पॅनेलला जोडलेली आहे. पॅनेलला एवढंच कळतं, टी एक म्हटलं की टेलचं दार उघडायचं. ते आपण तीनमधून हातानं पाठवू. मी अक्षरं सांगते, तुम्ही त्यांना सांगा. एक जरी चुकलं तरी जाणार नाही."

ताई आत वळून म्हणाल्या, "तात्या, तीनवर."

"ग्येलो. रिकामं हाय. नुसतं एक ठिपकं लुकलुकतंय."

"ई लिव्हा. मग सी. एच. ओ. आता एक मोकळी जागा."

"ई, सी, एच, ओ. मोकळी. म्होरं?"

"टी. मोठी टी. तिला चिकटून एकचा आकडा. परत मोकळी. आता बानाचं टोक."

"कसलं?"

"बानाचं टोक म्हनती ती. स्वल्पविरामाच्या जरा पलीकडं आसतंय म्हनं. शिफ्ट धरून."

"दोन हायेत. तोंड कुनीकडं पायजे?"

"उजवीकडं."

"कुनाच्या उजवीकडं? तुमच्या का माझ्या?"

"जेवायच्या हाताकडं, तात्या! तुमच्या जेवायच्या!"

बजरंग तिकडून, "वयनी, हौदात पडाया लागलं!"

"आरं ऐकलं! तिरपी रेघ, तात्या. डी, ई, व्ही. परत तिरपी रेघ."

अक्षरं एकेक करून आत गेली. ताईंनी एकही गाळलं नाही. दोनदा तात्यांनी चुकीचं दाबलं आणि ताईंनी ते त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं, मागं न्या, खोडा, आता परत. शेवटचं अक्षर मोठी एस, तिला चिकटून एक.

"झालं," तात्या म्हणाले. "म्होरं?"

ताईंनी फोनमध्ये विचारलं, "म्होरं काय?"

२\* नागापूर  ३ उंबरा  ४ टेल

"एंटर," पूजा म्हणाली.

काही ऐकू आलं नाही.

तिने फोन कानापासून लांब धरून बघितला. कॉल चालू होता, सेकंद पळत होते. पाण्याचा आवाज येत होता, हौदात पडणाऱ्या. बजरंग काहीतरी ओरडला, ते कळलं नाही.

"काकी? एंटर म्हणा."

काही नाही.

तिचाच आवाज तिकडे पोचत नसेल. किंवा पोचत असेल. ताईंनी फोन कापला असता तरी उद्या कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. पंपघराच्या उंबऱ्यावरची रेंज कशी आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे. आणि मका हेडला आहे हेही.

पूजा पुन्हा "काकी" म्हणाली नाही. जुळ्याच्या दुसऱ्या खिडकीत रेघ सरकत होती. तिने तिच्याकडे बघितलं, कारण बघायला तेवढंच होतं.

२ नागापूर  ३\* उंबरा  ४ टेल

फोन ताईंच्या कानाला होता आणि एंटर त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.

आत तात्यांचं बोट त्या बटणावर टेकलेलं. दाबलेलं नाही.

"दाबा की तात्या," ताई हळू म्हणाल्या. "शेवटाला एंटरच आसतंय. सकाळधरनं तेच तर मारताय."

"ठाव हाय."

"मग?"

"तुमी म्हना."

"मी कशाला?"

"चारीवर तुमी हुब्या हायसा," तात्या म्हणाले. "आत बसल्यानं सोडायचं नसतंय. बाहीर हुबा आसतो त्यानं म्हनायचं."

हे खरं होतं. चाकापाशी बसलेल्यानं स्वतःहून पाणी सोडायचं नाही. पुढे कुणाचा हात चिखलात असेल, कुणी पाइपाच्या तोंडात वाकलेलं असेल, ते त्याला दिसत नाही. जो चारीवर उभा, तो बघतो आणि 'सोडा' म्हणतो. मगच. तात्यांनी उभ्या जन्मात त्याशिवाय दार सोडलं नव्हतं, आणि दाराच्या जागी बटण आलं म्हणून त्यांच्या दृष्टीनं काही बदललेलं नव्हतं.

"वयनी!" बजरंग. "हौदाचं तळ झाकलं! ठराव काय म्हनतो? फिरवू?"

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मागच्या मक्याकडे.

"तात्या, मी म्हनलं तर माझाच मका वाळतोय."

"व्हय."

"टेलचं भरून कवा येनार हिकडं?"

"आलं म्हंजे येईल. मका लिंबाच्या रोपापरीस तगतो."

"तुमी नका सांगू मला मका."

"बरं न्हाई सांगत."

फोनमध्ये पूजा श्वास घेत होती. तेवढंच ऐकू येत होतं. पोरगी दुसऱ्यांदा विचारून गप्प बसली होती. ओरडली असती तर ताईंना बरं वाटलं असतं.

"बजरंग, चाकावरनं हात काढ."

"पन ठराव—"

"काढ म्हनते. उद्या गाव म्हनंल, अध्यक्षबाईनं फोन कापला. जलमभर ऐकत बसू का मी?"

बजरंगनं हात काढले आणि पँटला पुसले.

ताईंनी मान वळवून टेलच्या बाजूला बघितलं, जिथवर दिसतं तिथवर. पाइपाच्या बाजूला कुणी वाकलेलं नव्हतं. एक बाई शेळ्या घेऊन लांबून चालली होती, ती पुढे जाईपर्यंत त्या थांबल्या.

"सोडा," त्या म्हणाल्या.

२ नागापूर  ३ उंबरा  ४\* टेल

चेंबरमध्ये मोटर घुरघुरली. मोहियोद्दीनभाई दचकून मागे सरले, मग पुढे वाकले. व्हॉल्व्हचा दांडा आपला आपण फिरत होता.

पाणी आलं नाही. आधी हवा आली, पाइपात साठलेली, ऊन, गंजाच्या वासाची. ती बराच वेळ येत राहिली. भाईंनी तळहात तोंडाशी धरला आणि तसाच ठेवला. मग हाताला थंड लागलं. मग लाल पाणी आलं, गाळाचं. मग नुसतं पाणी.

त्यांनी पहिल्या आळ्याचं पाचट पायानं बाजूला केलं आणि खिशातून फोन काढला.

२\* नागापूर  ३ उंबरा  ४ टेल

पूजाच्या फोनवर दुसरा कॉल आला. मोहियोद्दीनभाई.

"काकी, जरा थांबा. कापू नका."

"थांबलेय. कुटं जानार?"

तिने ताईंना होल्डवर टाकलं आणि दुसरा कॉल घेतला.

"आलं, बेटी," भाई म्हणाले. "हवा निगाली, मग लाल आलं, आता साफ येतंय. पयल्या आळ्यात पडतंय. ऐक." त्यांनी फोन पाण्याजवळ धरला असावा. खळखळ आली. मग त्यांचाच लांबून आवाज, "आलं का ऐकू?"

"आलं, भाई."

"डबा चालू झाला म्हन की."

"अजून नाही. अर्धा झालाय."

"अर्ध्यानं बी पानी येतं?"

"आज आलं."

ती परत पहिल्या कॉलवर आली. ताई तिथेच होत्या. बजरंगला सांगत होत्या की उभाच राहायचं तर जाऊन घरी चहा सांग.

"काकी, टेलला पोचलं."

"बरं," ताई म्हणाल्या.

"तात्यांना म्हणावं, तीनवरनं दोनवर जा. तीन बंद—"

"न्हाई करत बंद!" आतून तात्या. त्यांना ऐकू कसं गेलं कोण जाणे. "समदी उघडी ठिवतो. वाहूं द्या."

मग ताई: "दोनवर ग्येलेत. रेघ न्हाई म्हनत्यात. भरून गेली. आता कायतरी इचारतंय. केवापासनं इचारत हुतं, त्ये ठाव न्हाई."

पूजानं आपल्या लॅपटॉपवर जुळ्याची खिडकी बघितली. तोच प्रश्न तिच्यासमोरही येऊन थांबलेला होता. ते सगळे तिसऱ्या खिडकीत असताना दुसरीनं आपलं काम संपवलं होतं आणि पुढचा प्रश्न घेऊन उभी राहिली होती. उत्तर येईपर्यंत तशीच उभी राहिली असती.

"विचारतंय, सुरू व्हायचा प्रोग्रॅम कुठल्या डिस्कवर घालू. खाली नाव असेल. एकच असेल."

"एकच हाय म्हनत्यात."

"तीच निवडा."

"एकच हाय तर इचारतंय कशाला?"

"विचारतंच ते, काकी. चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून."

"बरं हाय बाई," ताई म्हणाल्या आणि आत वळल्या. "तात्या, तीच. मारा एंटर."

आत तात्यांचं बोट बटणावर होतं.

"तसं न्हाई," ते म्हणाले. "नीट म्हना."